१ ऑक्टोबरला डायग्नोसिस कोड बदलले की क्लेम परत येतात, ते कसं टाळायचं?

ऐरोलीतून अमेरिकन क्लायंटचं (डॉक्टर, हॉस्पिटलं) बिलिंग करणाऱ्या तुमच्या टीमचे क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवलेली बिलं, दर ऑक्टोबरला का अडकतात, असं तुम्ही विचारलंय. अमेरिकेत आजारांचे डायग्नोसिस कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात आणि बहुतेकदा घोळ तारखेचा असतो. कोड ठरतो उपचाराच्या तारखेवरून, क्लेम पाठवल्याच्या तारखेवरून नाही. २८ सप्टेंबरची व्हिजिट १० ऑक्टोबरला बिल केली तरी जुनाच कोड लागतो. हॉस्पिटलच्या इनपेशंट क्लेमला मात्र डिस्चार्जची तारीख धरतात. जुने कोड चालवून घेण्याची पूर्वी मिळणारी ९० दिवसांची सवलत २००४ पासून बंद आहे. नाइट शिफ्टमध्ये तर जास्तच जपा: आपल्याकडे १ तारखेचे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा कुठे न्यूयॉर्कला १ ऑक्टोबर लागतो. चार्ज एंट्री करताना कॉम्प्युटरची तारीख नको, चार्टवरची डीओएस (उपचाराची तारीख) बघा.

खरं काम सप्टेंबरमध्येच उरकायला हवं. प्रत्येक क्लायंटचा मागच्या वर्षभराचा रिपोर्ट काढा, सगळ्यात जास्त वापरलेले शंभरेक कोड घ्या आणि सीएमएसच्या (मेडिकेअर चालवणारी अमेरिकी सरकारी संस्था) नव्या यादीशी ताडून बघा. ज्या कोडला पुढे आणखी एक अंक जोडला गेलाय, तिथेच पैसे अडकतात.

कंबरेच्या मणक्यातल्या डिस्कच्या झिजेचा एम५१.३६ घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो एकटा चालत नाही. फक्त कंबर दुखत असेल तर एम५१.३६०, फक्त पाय दुखत असेल तर एम५१.३६१, दोन्ही असेल तर एम५१.३६२ आणि दुखण्याचा उल्लेखच नसेल तर एम५१.३६९. आता डॉक्टरांनी नोटमध्ये नुसतं 'डिस्क डीजनरेशन' लिहिलं, तर कोडरच्या हातात शेवटचाच पर्याय उरतो, आणि त्यावर इंजेक्शनचा क्लेम गेला की पेयर (पैसे देणारी विमा कंपनी) मेडिकल नेसेसिटी, म्हणजे उपचाराची गरज काय होती, हे विचारणारच. अंदाजाने ३६० टाकू नका. डॉक्टरांना क्वेरी (खुलासा विचारणारा प्रश्न) पाठवा, आणि दुखणं कुठे आहे हे नोटमध्ये लिहायची सवय त्यांना सप्टेंबरपासूनच लावा. सरसकट जुना कोड काढून नवा भरणं तर अजिबात नको.

ईएचआरमधल्या (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) फेव्हरिट्स, टेम्प्लेट आणि फिजिओ-लॅबच्या चालू ऑर्डर्समध्ये जुने कोड दडून बसतात, तेही बदला. जुन्या कोडवर घेतलेलं ऑथ (उपचाराची आगाऊ मंजुरी) ऑक्टोबरनंतरच्या तारखांना चालेल का, हे पेयरला फोन करून विचारा आणि कॉल रेफरन्स नंबर टिपून ठेवा.

पहिले दोन आठवडे क्लिअरिंगहाउसचा (क्लेम तपासून पेयरकडे पोचवणारी मधली कंपनी) रिजेक्शन रिपोर्ट रोज उघडायचाच. २ ऑक्टोबरला आपल्याकडे सुट्टी, पुढे-मागे दसरा. कोण बघणार ते आधी ठरवा. रिजेक्ट झालेला क्लेम पेयरच्या दप्तरी नोंदलेलाच नसतो, त्यामुळे एआरवाल्यांना (थकीत पैशांचा पाठपुरावा करणाऱ्यांना) तो फॉलोअपला सापडत नाही आणि टाइमली फायलिंगचे (क्लेम पाठवायच्या मुदतीचे) दिवस मात्र संपत राहतात. मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं, पण काही खासगी पेयर ९० दिवसांतच हात वर करतात.

पेयरच्या उत्तरात नकाराचं कारण सांगणारा कोड सीओ-१४६ आला तर कोड त्या तारखेला वैध नव्हता. सीओ-११ असेल तर प्रोसिजर आणि डायग्नोसिस जुळत नाहीत, तेव्हा पॉइंटरही (कुठली प्रोसिजर कुठल्या डायग्नोसिससाठी, हे दाखवणारा) तपासा. रिजेक्शन असेल तर कोड सुधारून क्लेम नव्याने पाठवा. डिनायल (पेयरने नोंदवून घेऊन नाकारलेला क्लेम) असेल तर बहुतेक खासगी पेयरना फ्रिक्वेन्सी कोड ७ (आधीच्या क्लेमऐवजी हा, अशी खूण) आणि मूळ क्लेम नंबर घालून करेक्टेड क्लेम लागतो. मेडिकेअर पार्ट बी (डॉक्टरांच्या सेवांचा भाग) हा ७ घेत नाही. तिथे रेमिटवर (पेयरचं पेमेंटचं उत्तर) एमए१३०, म्हणजे क्लेम प्रक्रियेलायक नाही असा शेरा, असेल तर नवा क्लेम, नाहीतर रीओपनिंग (तोच क्लेम पुन्हा उघडून दुरुस्त करून घेणं).