रस्त्यावरून दिसलेला रूळ आणि टेबलावरचं ड्रॉइंग

प्रश्न : मी लाखनी तालुक्यातल्या एका गावात राहतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणापासून पाळण्यांचं वेड. चार वर्षांपासून यात्रेतले आकाशपाळणे आणि मोठ्या पार्कांतल्या राइड यांच्यावर व्हिडिओ करतो, अकरा हजार लोक पाहतात. माझा मावसभाऊ हायवेवरच्या एका अम्युझमेंट पार्कात ठेकेदाराकडे वेल्डर आहे. त्याने शेडमधल्या नव्या रोलर कोस्टरच्या ड्रॉइंगचे दोन फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, "कोनाले दाखवू नोको बे, नौकरी जाईल." आठ दिवस थांबलो, मग राहवलं नाही. ते दोन आणि मी स्वतः कुंपणाबाहेरून काढलेला लाल रुळांचा एक, असे तीन फोटो पेजवर टाकले. पार्कने अजून काहीच जाहीर केलेलं नव्हतं. आता वकिलाची नोटीस आली आहे. 48 तासांत पोस्ट काढा, फोटो कुणी दिले ते कळवा, लेखी माफी मागा, 50 लाख भरा. कॉपीराइट कायद्याचं कलम 63, आयटी कायद्याची कलमं 66-अ आणि 72-अ लावली आहेत. परदेशात तर लोक हे सर्रास करतात. मग माझं चुकलं कुठे? पोलीस उचलतील का? भावाचं नाव सांगू का?

उत्तर : (तुमची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून छापते आहे.)

50 लाखांवर नंतर येते. तुमच्या पत्रातली मला टोचलेली ओळ नोटिशीतली नाहीच, तुमच्या भावाची आहे. "कोनाले दाखवू नोको बे." प्रकरण कोर्टात गेलं तर तुम्हाला सगळ्यात जड जाईल ती हीच ओळ. समोरच्या वकिलाने ती अजून पाहिलेली नाही. तुम्ही मात्र ती सहज लिहून पाठवलीत, म्हणजे तिचं वजन तुमच्या ध्यानात आलेलं नाही.

आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये, आपल्या 289व्या अहवालात, तो करावा अशी शिफारस केली आणि मसुदाही जोडला. पण कायदा नाही म्हणून रान मोकळं, असं नसतं. विश्वासाने दिलेली माहिती परस्पर वापरायची नाही, हे तत्त्व आपली कोर्टं इंग्लंडमधल्या जुन्या निकालांच्या आधाराने कधीपासून लावत आली आहेत. 2003 साली मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्सच्या प्रकरणात हेच केलं. एका निर्मिती संस्थेने मालिकेची कल्पना विश्वासात घेऊन सांगितली होती, म्हणून ती वापरायला दिलेली मनाई न्यायालयाने कायम ठेवली. कोर्ट तीन गोष्टी पाहतं. माहिती खरंच गुपित होती का, ती विश्वासाने दिलेली होती का, आणि परवानगीशिवाय वापरली का. हे बंधन फक्त फोटो काढणाऱ्यावर नसतं. गुपित आहे हे ठाऊक असून जो पुढे पाठवतो तोही त्यात येतो. "मला काय माहीत" म्हणायची सोय भावाच्या त्या ओळीने तुम्हाला ठेवलेली नाही.

आता फोटो वेगळे करू. नोटिशीने तिन्ही एकाच गाठोड्यात बांधलेत, उत्तर देताना ते गाठोडं सोडायचं.

तिसरा फोटो तुमचा. तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर उभे होतात, रूळ उघड्यावर पडले होते. माझं माहेर साकोलीकडचं. दिवाळीनंतर मंडईच्या दोन दिवस आधी पाळणेवाल्यांचे ट्रक गावात शिरले की आम्ही सगळी पोट्टी मागे पळायचो. लोखंडी दांडे मोजायचे, रंग उडालेली लाकडी घोड्यांची डोकी मोजायची आणि पैज लावायची, यंदा ब्रेकडान्स आलाय की नुसताच मोठा पाळणा? मालक ओरडायचा, पण तो आमची बोटं चेंगरतील म्हणून. रस्त्यावरून दिसलं ते पाहणाऱ्याचं. तो फोटो राहू द्या, त्याबद्दल माफीही मागू नका. कुंपणाच्या आत पाय टाकला असतात तर मी वेगळं लिहिलं असतं.

परदेशातले शौकीन बहुतेक हाच उद्योग करतात, म्हणून तुमचं उदाहरण अर्धंच लागू पडतं. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरात आल्टन टॉवर्स नावाचा पार्क आहे. राइड झाडांच्या शेंड्यांवर जाऊ द्यायची नाही असं तिथलं बंधन, त्यामुळे 1994 ची नेमेसिस ही राइड चक्क जमिनीत खड्डा खणून बसवावी लागली. मोठ्या राइडला तिथे स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते आणि परवानगीचा अर्ज नकाशासकट कुणालाही पाहता येतो. मग पार्क नाव झाकून नुसतं 'सीक्रेट वेपन' आणि पुढे आकडा असं म्हणायचा, आणि हे लोक नकाशावरची उंची आणि वळणं बघून बाकीचं ओळखायचे. 2018 ची विकर मॅन हे त्यातलं आठवं 'वेपन'. अमेरिकेत ट्रेडमार्कचे अर्ज चाळून येणाऱ्या राइडची नावं हुडकतात. यात कुणाचा विश्वास मोडत नाही, बूड टेकून वाचत बसायची तयारी तेवढी लागते.

ती वाट तुम्हालाही मोकळी आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, जमीन अकृषक केल्याचा आदेश, बांधकामाची परवानगी हे सगळं सरकारी दप्तरात असतं. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. व्यापारी गुपित म्हणून कलम 8 खाली काही पानं नाकारतील, बाकीची मिळतील. ट्रेडमार्कचे अर्ज तर रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. चार वर्षं पेज चालवून तुम्ही एकदाही तहसिलीची पायरी चढला नाहीत, याचं मला जरा नवलच वाटलं.

पहिल्या दोन फोटोंचं तसं नाही. इंजिनीअरिंगचं ड्रॉइंग हीदेखील कॉपीराइट कायद्याच्या नजरेत 'कलाकृती' असते, ते सुंदर आहे की नाही याला महत्त्व नाही. 'नवी राइड येतेय' या बातमीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. कल्पनेवर कॉपीराइट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद प्रकरणात सांगितलंय. पण तुम्ही बातमी लिहिली नाहीत, कागदच्या कागद छापलात, आणि तोही अप्रकाशित. चालू घडामोडींच्या वार्तांकनाची सूट मागता येईल. मी मागेनही, पण तिच्यावर घर बांधणार नाही.

हे दोन फोटो आजच उतरवा. उतरवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे, उत्तरात 'आमचे सर्व हक्क राखून' असं लिहिता येतं. फोनमधले मूळ फोटो, चॅट, पोस्टचे स्क्रीनशॉट यांना मात्र हात लावू नका. घाबरून चॅट पुसणारे अशील मी पुष्कळ पाहिलेत. पुरावा नाहीसा करणं हे वेगळं लचांड आहे, आणि पुसलेलं समोरच्याच्या फोनमध्ये असतंच.

कलमांचं थोडक्यात. 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. ते नोटिशीत घालणं म्हणजे मेलेला बैल शंकरपटात जुंपणं. 72-अ व्यक्तिगत माहिती उघड करण्याबद्दल आहे, रोलर कोस्टरच्या ड्रॉइंगला व्यक्तिगत आयुष्य नसतं. उरलं 63, त्याला हसण्यावारी नेऊ नका. सहा महिने ते तीन वर्षं कैद, 50 हजार ते 2 लाख दंड, आणि 2022 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला जातो. जाणूनबुजून केलं हे मात्र त्यांना सिद्ध करावं लागेल. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल तर शिक्षा कमी करायची मुभा कोर्टाला आहे, म्हणून त्या पोस्टवर जाहिरातीचे पैसे मिळाले का ते मला खरं खरं कळवा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली, असा सर्वसाधारण रिवाज आहे. ठाण्यातून नुसता फोन आला तर नम्रपणे लेखी मागा. फारच भीती वाटली तर भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. आजच्या कागदांवर मला त्याची घाई दिसत नाही.

आता 50 लाख. हा आकडा नोटीस टाइप करणाऱ्याने घातलेला आहे. नुकसान झालं हे त्यांना दाखवावं लागेल, कोणती तिकिटं विकली गेली नाहीत, कोणता करार मोडला, तेही हिशोबानिशी. तुम्ही पार्काशी कोणताही करार केलेला नाही. तुमच्या फोटोमुळे आता डिझाइनची नोंदणी होणार नाही असं पुढे म्हणाले, तर त्यांनी डिझाइन कायदा 2000 चं कलम 16 वाचावं. विश्वास मोडून झालेलं प्रकटन हे नोंदणीच्या आड येत नाही.

ते खरोखर धावतील ते मनाई हुकमासाठी. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे पार्क आपल्या कार्यालयाच्या गावी दावा लावू शकतो. म्हणून त्यांच्या कार्यालयाच्या जिल्ह्यात आणि भंडाऱ्यात, दोन्हीकडे कॅव्हिएट दाखल करून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ खाली ती 90 दिवस चालते, तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम होणार नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, 15100 वर फोन केला तरी चालतो.

तुमचं चुकलं कुठे, हे विचारलंत म्हणून सांगते. पार्काचं 'सरप्राइज' फुटलं याचं मला फारसं दुःख नाही. जाहिरातीचा मुहूर्त ही त्यांच्या धंद्याची सोय आहे, आणि बातमी आधी कळणं हा बघणाऱ्यांचा आनंद. गुपित फोडणंच सरसकट वाईट, असंही मी म्हणणार नाही. जुलै 2019 मध्ये अहमदाबादला कांकरियाच्या पार्कात झोके घेणारी राइड तुटून दोन जण गेले. अशा राइडचा तडकलेला सांधा आधी एखाद्या वेल्डरने कुणाला दाखवला असता तर मी त्याच्या बाजूने फुकट उभी राहिले असते, फक्त त्याने आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी जावं असं सांगितलं असतं. तुमच्या पोस्टमध्ये काय आहे? 'पाच वेळा उलटी! विदर्भात पहिल्यांदा!' एवढ्यासाठी एका माणसाची रोजी पणाला लावली, तीही त्याने नको म्हटलेलं असताना. पार्काचं काय झालं ते कोर्ट बघेल. भावाचं तुम्हाला बघायचं आहे.

नाव सांगू का, तर नाही. खासगी नोटिशीला ते सांगायला तुम्ही बांधील नाही, आणि उत्तरात एवढंच लिहायचं. "फोटो कुणी दिले माहीत नाही" असं खोटं मात्र लिहायचं नाही. सूत्राचं नाव लपवायचा हक्क पत्रकारांनाही फक्त प्रेस कौन्सिलपुढे आहे, कोर्टात नाही. उद्या शपथेवर विचारलं तर खरं सांगावं लागेल, आणि तेव्हा आजचं खोटं वर येईल.

तसंही पार्काला ते नाव तुमच्याकडून कळायची फारशी गरज नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली उजवीकडे शीट नंबर वाचता येतो आणि कडेला निळ्या हातमोज्याची दोन बोटं आहेत, अंगठ्यापाशी जळून पडलेलं भोक. तो शीट त्या आठवड्यात कुणाकुणाच्या टेबलावर होता, हे सुपरवायझर पाच मिनिटांत सांगेल. तुमच्याकडून नाव हवंय ते सहीसकट, म्हणजे सिद्ध करायचे कष्ट वाचतात.

आणि भावाचं काम मी घेणार नाही, तुमच्याही वकिलाने घेऊ नये. "सगळं त्याने केलं" हा तुमचा बचाव होऊ शकतो, "मी नको म्हटलं होतं" हा त्याचा. एका वकिलाला हे दोन्ही बोलता येत नाही. त्याने ठेकेदाराकडे कशावर सही केली तो कागद त्याच्या वकिलाने आधी पाहावा. त्यात दंडाची रक्कम छापलेली असली तरी करार कायद्याच्या कलम 74 खाली वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि करार ठेकेदाराशी असेल तर पार्काला त्यावर थेट बोट ठेवणं सोपं नाही.

नोटिशीचा लिफाफा जपून ठेवा, 48 तास कधीपासून ते त्यावरच्या तारखेवरून ठरेल. पण उत्तर टाइप करायला बसण्याआधी भावाला भेटा. नोटीस आल्याचं तुम्ही त्याला सांगितल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. फोनवर नको, घरी जा. रात्रपाळी असेल तर सकाळी तो घरी यायच्या आत जाऊन बसा.