कुडाळहून दोन दिवस मुंबईला चित्रं बघायला जायचंय. विकत घ्यायची ऐपत नाही, तरी गॅलरीत आत सोडतात का? आर्ट फेअरला जाऊ का?

सोडतात हो. तिकीट नाही, आणि 'घेणार आहात का' असंही कोणी विचारत नाही. मी मालवणात दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आता फ्लेक्स छापतो. वर्षातून एकदा ही वारी चुकवत नाही.

आधी वार सांभाळा. खाजगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद. पहिल्या खेपेला मी नेमके हेच दोन दिवस काढून गेलो आणि कुलपं बघून परत आलो. शुक्रवार-शनिवार धरा. कोकणकन्या पहाटेच सीएसएमटीला टाकते आणि अकराच्या आधी काही उघडत नाही, तेव्हा आंघोळ-नाश्ता उरकून फोर्टातून चालत काळा घोडा गाठा.

सुरुवात जहांगीरपासूनच करा. 1952 सालची गॅलरी. चित्रकार हॉल भाड्याने घेतात, नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबतात. प्रदर्शन मंगळवारी लागतं, पुढच्या सोमवारी उतरतं, आणि तेवढे दिवस चित्रकार बहुधा स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. आपल्या पिंगुळीचा चित्रकथी कसा एकेक कागद पुढे धरून गोष्ट सांगतो? इथे सांगणारा गप्प असतो एवढंच. तुम्ही विचारलंत की सुटतो. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात, तिथेही रेंगाळा.

समोर रस्ता ओलांडलात की आधुनिक कला संग्रहालय. इमारत 1911 च्या सर कावसजी जहांगीर हॉलची, अर्धगोल मजले चढत चढत घुमटाखाली पोचता. इथे तिकीट आहे, पण किरकोळ.

खाजगी गॅलऱ्यांची मात्र आपल्यासारख्याला धास्ती वाटते. फोर्ट-कुलाब्यातल्या जुन्या इमारती, वर जायला लाकडी जिना, कुठे कुठे तर दाराची बेल वाजवावी लागते. वाजवा. केमोल्डचंच घ्या. केकू आणि खोर्शेद गांधींनी 1963 मध्ये ती जहांगीरच्याच इमारतीत सुरू केली, 2007 पासून प्रेस्कॉट रोडला क्वीन्स मॅन्शनमध्ये आहे. अशा ठिकाणी चित्राशेजारी बरेचदा नावही नसतं. टेबलावर यादीचा कागद असतो, तो मागून घ्या. त्यावर किंमत असली तर खुशाल वाचा. लाल टिकली म्हणजे विकलं गेलं. माझा चुलतभाऊ एकदा अशा शांततेत खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्यां तर माका पण जमतला!" टेबलामागची मुलगी हसली, म्हणजे बहुतेक आपल्याकडचीच असावी.

आर्ट फेअरसाठी मुद्दाम गाडी पकडू नका. 2023 पासून नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई भरतो, त्याला तिकीट असतं. कारभार आठवडी बाजारासारखाच: गावोगावच्या गॅलऱ्या आपापला माल मांडून बसतात. एरवी कोणाच्या तरी घरात असणारी जुन्या मोठ्या चित्रकारांची कामं तिथे दिसतात, हे खरं. पण दोन तासांत डोळे भरतात आणि मग सगळं एकसारखं दिसायला लागतं. त्यापेक्षा जानेवारीतला मुंबई गॅलरी वीकेंड बरा. गॅलऱ्या ठरवून एकाच वेळी नवी प्रदर्शनं लावतात, आणि फुकट.

आणि दिवसाला चार-पाच जागा पुरे. गेल्या वर्षी जहांगीरला एका खाडीच्या जलरंगासमोर मी बराच वेळ उभा होतो. ओहोटी लागलेली, चिखलात कलंडलेली होडी, आणि मधोमध पाण्याची अशी लख्ख चमक की पांढरा कुठला वापरलाय ते कळेना. पाट्या रंगवणाऱ्याला हाच प्रश्न पडणार. शेवटी विचारलं. चित्रकार उठून आला, म्हणाला, "जवळ या." वाकून पाहिलं तर तिथे रंगच नव्हता, नुसता कोरा कागद सोडलेला. मग त्याने विचारलं, "कुठले तुम्ही?" मालवण म्हटल्यावर दुसरी खुर्ची मागवली.