अंगकोर वाटला एकच फेरी शक्य असेल, तर पहाटे जावे की दुपारी?

शिल्पे नीट पाहायची असतील, तर दुपारी तीननंतर जावे. कंबोडियातील हे विष्णुमंदिर सूर्यवर्मन दुसरा याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले आणि बहुतेक ख्मेर (प्राचीन कंबोडियन) मंदिरे पूर्वाभिमुख असली, तरी हे पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे पहाटे सूर्य मनोऱ्यांच्या मागून उगवतो आणि समोरून मंदिराची केवळ काळी आकृती दिसते, तर दुपारनंतर तिरपे ऊन पश्चिमेच्या ओवरीतील खांबांमधून थेट भिंतीवर येते. कुरुक्षेत्राचा आणि लंकेतील युद्धाचा असे दोन विस्तीर्ण शिल्पपट याच ओवरीत आहेत. महाभारत-रामायण ऐकत वाढलेल्या माणसाने शरपंजरी भीष्म आणि हनुमंताच्या खांद्यावरचा राम तेथे स्वतः शोधावा. त्यासाठी तासभर तरी राखून ठेवावा. अपवाद समुद्रमंथनाच्या शिल्पपटाचा: तो पूर्वेच्या ओवरीत असल्याने त्यावर सकाळचेच ऊन पडते. दुपारी तो सावलीत असला, तरी स्पष्ट दिसतो, म्हणून केवळ त्याच्यासाठी वेळ बदलण्याची गरज नाही. सर्वांत वरच्या टप्प्यावर जायचे असल्यास खांदे व गुडघे झाकणारे कपडे आवश्यक आहेत आणि बौद्ध पवित्र दिवशी तो भाग बंद असतो.