घरी बनवलेल्या टिअरड्रॉप ट्रेलरला लाइट आणि वायरिंग कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरच्या उद्यमनगरातून चासी वेल्डिंग करून आणली आहे, वर प्लायची टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराची, आत झोपण्यापुरती) बॉडी उभी आहे, बाहेरचा ॲल्युमिनियमचा पत्रा अजून बसवायचाय. ओढायला बोलेरो. मागचे लाइट, इंडिकेटर आणि आतले दिवे कसे जोडायचे, आणि इंटरनेटवर मिळणारे चार वायरींचे नकाशे चालतील का?

ते नकाशे चालणार नाहीत. पत्रा बसवायच्या आधी विचारलंत हे मात्र बरं केलंत. चार वायरींचे नकाशे बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यातून चालवतात, त्यामुळे अर्थ (परतीच्या करंटची निगेटिव्ह वायर), पार्किंग, डावा आणि उजवा एवढ्यात भागतं. आपल्याकडे ब्रेकचा दिवा लाल आणि इंडिकेटर पिवळा, दोघांच्या वायरी वेगळ्या. म्हणजे अर्थ, पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा अशा कमीत कमी पाच वायरी झाल्या. रिव्हर्स धरला तर सहा.

सुरुवातीलाच एक ठरवून टाका. रस्त्यावरचे दिवे (म्हणजे ट्रेलरचे पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर) आणि मुक्कामाचे दिवे (आतले) या दोन स्वतंत्र वायरिंग. रस्त्यावरच्या दिव्यांना करंट गाडीकडून येतो, आतल्या दिव्यांना ट्रेलरच्या बॅटरीतून. दोघांचे फ्यूज वेगळे, वायरींचा मार्ग वेगळा. एकत्र केलंत तर आतल्या एका स्विचमधल्या शॉर्टमुळे भर घाटात ब्रेक लाइट जातील, आणि मागच्याला ते कळायला वेळ मिळणार नाही.

जोडणीसाठी ७ पिनचा गोल प्लग आणि सॉकेट घ्या, ज्याला १२एन म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला आहे: १ डावा इंडिकेटर (पिवळी), २ मागचा फॉग (निळी, तो बसवणार नसाल तर ही पिन रिव्हर्सला द्या आणि तसं लिहून ठेवा), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवं पार्किंग (तपकिरी), ६ ब्रेक (लाल), ७ डावं पार्किंग (काळी). यात काळ्या वायरीवर नजर ठेवा. आपल्या वायरमनच्या हाताला काळी म्हणजे अर्थ हीच सवय असते, आणि इथे काळीत पार्किंगचा करंट आहे. ती चासीला बांधली की पार्किंग लावताक्षणी फ्यूज उडणार. दुसरं, प्लग आणि सॉकेट समोरासमोर आरशासारखे उलटे दिसतात. म्हणून चित्र बघून जोडू नका, आतल्या स्क्रूजवळ उठवलेला आकडा बघून जोडा.

केबल ७ कोरची, वरून जाड आवरण असलेली, निव्वळ तांब्याची मल्टिस्ट्रँड घ्या. एलईडी दिवे वापरलेत तर सगळे मिळून दोन अँपिअरच्या आसपासच जातात, त्यामुळे प्रत्येक कोर १ चौरस मिमी पुरे. अर्थ मात्र २.५ चौरस मिमी असावी, कारण सगळ्यांचा परतीचा करंट तिच्यातूनच जातो. दुकानात स्वस्त वायर दिसली तर एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते आपल्या पावसात टिकत नाही आणि क्रिम्पिंगमध्ये, म्हणजे लग दाबून वायरीवर बसवताना, तुटतं.

आता अर्थ. ट्रेलरच्या लाइटच्या दहा तक्रारींपैकी बहुतेक इथेच येऊन थांबतात. टो-बॉलमधून (गाडीच्या मागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा) अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. बॉलला ग्रीस असतं, त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर खडखडत असतो, चालत्या गाडीत तो संपर्क सतत तुटतो-जुळतो. पिन ३ ची पांढरी वायर थेट ट्रेलरपर्यंत आणा आणि प्रत्येक दिव्याची स्वतःची अर्थ वायर त्या एका ठिकाणी आणून जोडा. दिव्याच्या नटबोल्टवर सोडू नका, बॉडी प्लायची आहे. चासीला जिथे अर्थ द्यायची तिथला रंग रुपयाएवढ्या गोलात घासून चकचकीत लोखंड काढा, ६ मिमीचा बोल्ट, दात असलेला स्टार वॉशर, त्यावर टिनचा मुलामा असलेला रिंग लग, मग नट, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा रंग. व्हॅसलीन आधी आणि लग नंतर असं करू नका.

अर्थ खराब असेल तर ओळखायची खूण सोपी आहे. डावा इंडिकेटर लावला की पार्किंगही मिणमिणतं, ब्रेक दाबला की इंडिकेटर अर्धवट पेटतात. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. असं दिसलं की बल्ब बदलत बसू नका. सगळे दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर मधला एखादा जोड खराब आहे. एकेक जोड मागे सरकत मोजत या, सापडतो.

गाडीकडच्या बाजूला, मागच्या दिव्याच्या वायरीवर चिमट्यासारखी निळी क्लिप दाबून टॅप, म्हणजे मधूनच फाटा, घेण्याचा मोह होईल. ती क्लिप वायरीचं इन्सुलेशन चिरते आणि त्या चिरेतून पाणी आत झिरपत राहतं. एका पावसाळ्यात वायर हिरवी पडते. आधी तुमच्या गाडीत काय आहे ते बघा: इंडिकेटरचा एक बल्ब काढून बटण लावा. टिकटिक वेगात झाली तर गाडी दिव्यांचा करंट मोजते. तरीही एलईडी ट्रेलर लॅम्पने भर फारसा वाढत नाही. पण २१ वॉटचे बल्ब जोडलेत तर जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) गडबडतो, आणि नव्या गाडीत कंट्रोल युनिटवर नको तेवढा ताण येतो. म्हणून माझं मत: गाडी कुठलीही असो, मध्ये रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा तेच काम करणारं तयार ट्रेलर मॉड्यूल टाका. गाडीच्या दिव्याकडून फक्त इशारा घ्यायचा, ताकद बॅटरीतून १५ अँपिअरच्या फ्यूजमार्गे द्यायची. रिलेला ८६ वर इशारा, ८५ ला अर्थ, ३० वर बॅटरी, ८७ वरून ट्रेलर. आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्या, नाहीतर कॉइल सुटताना उलटा झटका कंट्रोल युनिटकडे जातो. काही नव्या गाड्यांत पार्किंगचा दिवा तुटक करंटवर मंद ठेवलेला असतो. तिथे साधा रिले तडतडतो. अशा गाडीला मॉड्यूलच लागेल.

दिवे कुठे बसवायचे? मागच्या उघडणाऱ्या दारावर, म्हणजे स्वयंपाकाच्या हॅचवर, अजिबात नको. हॅच उघडलं की दिवे आभाळाकडे बघतात, आणि बिजागरीपाशी वायर रोज वाकून तुटते. मडगार्डच्या मागे किंवा चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, दोन्ही कडांना जमेल तितके बाहेर बसवा, म्हणजे ट्रेलरची खरी रुंदी मागच्याला कळते. नंबरप्लेटवर पांढरा दिवा हवाच. बाजूला पिवळा मार्कर, मागे टोक वर केलेले दोन त्रिकोणी लाल रिफ्लेक्टर, शिवाय चमकणारी टेप: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. उसाच्या हंगामात बिनलाइटच्या ट्रॉल्या शेवटच्या क्षणी दिसण्याचा अनुभव या भागात रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आहे, त्यामुळे इथे काटकसर करू नका. रिफ्लेक्टरला ना वायर लागते ना फ्यूज, आणि लाइट गेले तरी तो काम करतो.

चासीखाली केबल सी-चॅनेलच्या आतल्या बाजूने घ्या, दर ३० सेमीवर रबर असलेली पी-क्लिप. लोखंडाला भोक पाडलं की रबरी ग्रोमेट घालायचंच. सॉकेटचं तोंड खाली झुकलेलं आणि झाकण स्प्रिंगचं असावं. पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. गगनबावड्याच्या पावसात आणि सायलेन्सरच्या वाफेत पहिल्यांदा हिरवं पडतं ते सॉकेटच. पुढे ड्रॉबारवर (गाडीला जोडायच्या दांड्यावर) केबलला इतकी ढील ठेवा की गाडी पूर्ण वळली तरी ताण येऊ नये, पण रस्त्याला घासूही नये. चासीवर अजून काही वेल्डिंग बाकी असेल तर ते आत्ताच उरका. वायरिंग झाल्यावर वेल्डिंग केलंत तर एलईडी आणि चार्जर दोन्ही जाऊ शकतात.

जोड क्रिम्पचे करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). नुसत्या सोल्डरने तार जिथे कडक होते, त्या काठावरच हादऱ्याने तुटते. पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळणं मला चासीखाली अजिबात मान्य नाही.

आतल्या दिव्यांकडे येऊ. पत्र्याआड भरायला तुम्ही थर्माकोल घेणार असाल तर ही गोष्ट लक्षात ठेवा: पीव्हीसी वायर थर्माकोलला चिकटून राहिली की वायरीतलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल विरघळून खड्डा पडतो आणि इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. वायर २० मिमीच्या कडक पीव्हीसी पाईपमधून न्या, पाईपमध्ये एक जादा नायलॉन दोरा सोडून ठेवा, आणि पत्रा बसवण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. पुढे स्क्रू मारताना तोच फोटो वायर वाचवतो.

मापं अशी: वाचायचे दोन दिवे ३-३ वॉट, आत एक पट्टी ५ वॉट, स्वयंपाकाच्या बाजूला ६ वॉट. एकूण १७ वॉट, म्हणजे साधारण १.३ अँपिअर. पाच तास लावले तर ७ अँपिअर-तासांच्या आत. खरा खाणारा पंखा असतो: २ अँपिअरने आठ तास म्हणजे १६. रोजचे २३ धरा. ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बिनचार्जिंग दोन रात्री जेमतेम काढते. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी आत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तुम्ही त्याच बंद डब्यात झोपणार आहात.

मेन फ्यूज ३० अँपिअरचा, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ ते २० सेमीच्या आत, आणि तिथून ६ चौरस मिमी वायरीने सहा खणांच्या ब्लेड फ्यूज बॉक्सला. दिव्यांना १.५ चौरस मिमी वायर आणि प्रत्येक सर्किटला ५ अँपिअरचा फ्यूज, पंखा वेगळा. निगेटिव्ह सगळे एका बसबारवर (अनेक वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी). फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नाही. म्हणून फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणं.

एलईडी पट्टी साधी १२ व्होल्टची घेतलीत तर चार्जिंगच्या वेळी लिथियम बॅटरी १४.४ व्होल्टला जाते आणि पट्टी तापून काही महिन्यांत काळी पडते. ९ ते ३० व्होल्ट लिहिलेले फिटिंग घ्या, किंवा पट्टीआधी १२ व्होल्टचा स्टेबलायझर मॉड्यूल लावा, चढ आणि उतार दोन्ही सांभाळणारा. स्वयंपाकाच्या दिव्याला पिवळसर रंगाचा बल्ब बरा, किडे कमी येतात. तो दिवा हॅचवर न लावता वरच्या फळीच्या खाली लावा, कारण पुन्हा तोच बिजागरीचा प्रश्न.

गाडीतून ट्रेलरची बॅटरी चार्ज करायची असेल तर ७ पिनमधून नको, त्या पिना तेवढ्यासाठी नाहीत. २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या करंटवर दुसरी बॅटरी बेताने चार्ज करणारा) ट्रेलरमध्ये, बॅटरीजवळ बसवा. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. बोलेरोच्या बॅटरीपासून तिथपर्यंत ७ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १४ मीटर वायर झाली. २.५ चौरस मिमीमध्ये २० अँपिअरला २.२ व्होल्ट वाटेतच जातात, १० चौरस मिमीमध्ये अर्धा व्होल्ट. म्हणून १० चौरस मिमी, मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जास्त करंटसाठीचा, हाताने सुटणारा), आणि दोन्ही टोकांना ३० अँपिअरचे फ्यूज, कारण बॅटरी दोन्ही टोकांना आहे. हे सगळं जड वाटत असेल तर छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल लावा, गाडीची वायर ओढूच नका. उन्हाळी फिरतीला ते पुरतं, पावसाळ्यात नाही.

तपासणी गाडी न जोडता आधी करा. सुटी १२ व्होल्ट बॅटरी, ५ अँपिअरचा फ्यूज मधे, पिन ३ ला निगेटिव्ह, आणि एकेका पिनला पॉझिटिव्ह. सगळे एकेकटे बरोबर पेटले म्हणजे झालं असं नाही. पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर एकत्र लावा, अर्थचा दोष तेव्हाच बाहेर पडतो. मग पाईपने पाणी मारून पुन्हा एकदा.

ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते, तेव्हा पत्रा ठोकायच्या आधी दिव्यांच्या जागा आणि बाकीची मापं कागदावर काढून कोल्हापूर आरटीओत दाखवून या. नंतर पत्र्याला नवीन भोकं पाडण्यापेक्षा ते सोपं. गाडीत कायम ठेवायला: ५, १५ आणि ३० अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, एक जादा रिले, टेस्ट लॅम्प, आणि सॉकेट पुसायला जुना टूथब्रश.