मार्चमध्ये स्टुटगार्टला येताय? मग घड्याळाचं एवढं ऐका

ताई, तुम्ही विचारलंय की मार्चच्या मध्यावर स्टुटगार्टच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू व्हायचंय, सोबत चार वर्षांचा मुलगा, तुमची झोप आधीच सावध. अशात तिथं घड्याळ पुढे-मागे करतात त्याचा किती त्रास होतो? मी इथं अकरा वर्षं नर्स आहे, तर ऐका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास फुकटचा मिळतो, त्याची काळजी नको. चावतो तो मार्च. शेवटच्या रविवारी पहाटे दोनचे थेट तीन वाजतात. मोबाइल आपला आपण बदलतो. इथली भिंतीवरची रेडिओ-घड्याळं फ्रँकफुर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून येणाऱ्या रेडिओ-संदेशावरून वेळ पकडतात आणि काटे गरागरा फिरवून मोकळी होतात. मी मात्र पहिल्या वर्षी सांगलीहून आणलेल्या चावीच्या गजरावर विसंबले होते. सहाची ड्युटी. साडेचारला उठले, निवांत आलं किसून चहा घेतला, आणि ट्रामच्या स्टॉपवर पाटी बघते तर साडेसहा! नाइटवाली बिचारी माझी वाट बघत बसलेली. तिची रात्र त्या दिवशी तासाने लहान असायची, ती मी पुरती भरून दिली.

पण तुमची गोष्ट वेगळी आहे, आणि हे इथले लोक तुम्हाला सांगणार नाहीत, कारण ते भारतातून नुकते आलेले नसतात. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो. म्हणजे आल्या आल्या तुम्ही आणि मुलगा संध्याकाळी सातलाच पेंगणार आणि पहाटे तीन-साडेतीनला टक्क जागे. मार्चच्या बदलानंतर फरक साडेतीन तासांवर येतो. पहाटे साडेतीनला उघडणारे डोळे आता घड्याळात साडेचारला उघडतात. पहिल्या वर्षी घड्याळच तुमच्याकडे एक पाऊल सरकतं! तेव्हा मुलाला आधीपासून लवकर निजवायची तयारी वगैरे यंदा अजिबात करू नका.

ती पुढच्या वर्षी. बदलाच्या आधीच्या बुधवारपासून रोज पंधरा मिनिटं, आणि नुसतं झोपणं नाही, जेवण, अंघोळ, गोष्ट सगळंच अलीकडे. रविवारी उठल्या उठल्या मुलाला घेऊन बाहेर चक्कर मारा. शरीर घड्याळ वाचत नाही, उजेड बघतं. आदल्या दिवशी सहाच्या सुमारास उगवलेला सूर्य त्या दिवशी सातला उगवतो, आणि संध्याकाळी पावणेआठपर्यंत लख्ख असतं. जूनमध्ये तर साडेनऊपर्यंत. "आई, अजून दिवस आहे" याला उत्तर नसतं. म्हणून घर बघताना खोल्या मोजण्याआधी खिडकीला रोलाडेन आहे का बघा. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला खाली उतरणारं पट्ट्यांचं शटर असतं, त्याने दुपारीसुद्धा खोलीत मिट्ट काळोख होतो. नाइटनंतर दिवसा झोपायला तुम्हालाही तेच लागेल. दुपारी दोननंतर चहा नको म्हणतात, मला ते आजवर जमलेलं नाही.

ऑक्टोबरच्या त्या रात्री नाइट असेल तर ती तासाने लांबते, तो तास कसा धरतात ते आधीच विचारून ठेवा. दोन ते तीन हा तास दोनदा येतो. कायद्याने पहिला २ए, दुसरा २बी. औषध दिल्याची वेळ लिहिताना हे अक्षर विसरलात तर सकाळी गोंधळ.

हे सगळं बंद होणार असं कुणी सांगेल. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने तसं मत दिलंही, पण देशांचं एकमत काही झालं नाही. त्या आशेवर गजर लावू नका.

आणि घरी आत्ताच सांगून ठेवा. मी आईला इथल्या पाचला फोन करते. हिवाळ्यात तिच्याकडे साडेनऊ, सगळं आवरलेलं. उन्हाळ्यात साडेआठ, म्हणजे ऐन मालिकेची वेळ. दर मार्चअखेर आठवडाभर ती फोन उचलून एवढंच म्हणते, "जाहिरात लागली की मीच करते."