पोरं कच्ची आहेत म्हणजे काय?

अनेक उत्तम आशीर्वाद.

'इथली पोरंच कच्ची, मग दर्जा आणायचा कुठून?' असं तू तुझ्या शाळेबद्दल विचारलंस. यातलं अर्धं खरं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

शाळेच्या दर्जात मुलांचा वाटा मोठाच असतो. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या अहवालात हेच निघालं: शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरची परिस्थिती आणि सोबतची मुलं यांचा परिणाम जास्त. आपल्याकडे नवोदय विद्यालयं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा, बघ. पाचवीत परीक्षा घेऊन दर विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं निवडतात. तिथले शिक्षक कष्ट घेतात, पण निवडून घेतलेल्या मुलांचा निकाल दाखवून कोणी तुला हिणवलं तर मनाला लावून घेऊ नकोस. उलट गावातली दोन चुणचुणीत मुलं तिकडे गेली की तुझ्या सहावीत प्रश्न विचारणारे दोघे कमी होतात. ही तूट कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, आणि मला ती फार लागते.

आता राहिलेलं अर्धं. कच्ची म्हणजे नेमकी कशात, हे तू लिहिलं नाहीस. तुझ्या बीडच्या भागातून दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेलेल्या मुलाची बुद्धी कमी नसते, त्याचं अर्धं वर्षच गेलेलं असतं. शाळाबाह्य राहिलेल्या मुलाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं वयानुसार वर्ग मिळतो, ते योग्यच आहे. पण बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण हाही त्याच कायद्यातला त्याचा हक्क आहे. त्याकडे कानाडोळा होतो, याचा मला मनापासून राग येतो.

तेव्हा टोळ्या हलायच्या आधीच घरोघर जा. आजी-आजोबा गावात राहणार असतील तर मूल मागे ठेवायला राजी कर. अशा मागे राहिलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जाईल यासाठी मुख्याध्यापकांच्या मागे लाग. तरीही जे जाईल, त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येईल, आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेव. हजेरी हा मुलाचा गुण मानतात, पण बहुतेक वेळा ती घरानं आणि कारखान्यानं ठरवलेली असते.

मग प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला लाव. 'असर' या गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे असतात, तेच वापर. एका मुलाला काही मिनिटंच लागतात. तिसरी ते पाचवीची मुलं रोज एक तास इयत्तेप्रमाणे न बसवता या टप्प्यांप्रमाणे बसव. पाचवीतलं मूल अक्षरांच्या गटात बसायला लाजतं, म्हणून गटांना नद्यांची नावं दे. नुकतंच वाचायला लागलेलं मूल मागच्याला शिकवायला सगळ्यांत चांगलं, कारण आपण कुठे अडलो होतो ते त्याच्या ध्यानात ताजं असतं. धीट मुलं एकाच बाकावर नकोत, ती वर्गभर पसरव.

केंद्रप्रमुख वर्गाची सरासरी मागतील, ती त्यांना दे. मला मात्र मुलागणिक कळव: कोण जूनमध्ये कोणत्या टप्प्यावर होतं, फडावरून कधी परतलं, आणि आता काय वाचतं.