सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगसाठी कॉम्प्युटरची स्क्रीन रेकॉर्ड करताना बोलावं, की आवाज नंतर जोडावा?

आवाज नंतर जोडा, पण बोलायचं ते वाक्य न् वाक्य आधी लिहून काढा. माउस चालवता चालवता बोललं की 'आता इथे... हां, इथे क्लिक करा' असं होतं आणि शिकणारा तिथेच अडकतो. पवईच्या आयआयटी मुंबईचा, व्हिडिओंतून सॉफ्टवेअर शिकवणारा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा: आधी संहिता, साधारण १० मिनिटांचा व्हिडिओ, आणि चित्र तेच ठेवून आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. आवाज वेगळा असल्यामुळेच हे जमतं. उद्या समजा भिवंडीच्या गोदामातल्या लोकांसाठी हिंदी आवाज लागला, तर स्क्रीन पुन्हा रेकॉर्ड करावी लागणार नाही.

स्क्रीनसाठी ओबीएस स्टुडिओ, आवाजासाठी ऑडॅसिटी, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. मेनूची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच उच्चारा, 'सेव्ह'चं 'जतन करा' नको, माणूस बटण शोधत बसतो. मुंबईत खरा त्रास हॉर्न आणि पंख्याचा: खिडकी लावून, पंखा बंद करून, कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसून बोला, घुमणं बरंच कमी होतं.

मात्र सॉफ्टवेअरची स्क्रीन दर महिन्याला बदलत असेल, तर एवढा खटाटोप करू नका. सरळ बोलत रेकॉर्ड करा.